विश्लेषण : ताशी ४०६ मैलांचा वेग, पण विक्रमाविना! प्लॅस्टिकच्या खोक्यातून जगभर पोहोचलेला मिकी थॉम्पसन कोण होता?

सन १९६२ मध्ये अमेरिकेतील खेळण्यांच्या दुकानांत रेव्हेल कंपनीचे एक खोके आले. आत प्लॅस्टिकचे सुटे भाग, पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांचा कागद आणि जोडणी कशी करायची याचे पत्रक. ते भाग जोडले की मूळ गाडीच्या पंचविसाव्या हिश्शाएवढी, लांबट निळी ‘चॅलेंजर वन’ तयार होई. मूळ गाडीत चार इंजिने होती आणि तिने ताशी ४०६.६० मैलांचा, म्हणजे सुमारे ६५४ किलोमीटरचा वेग गाठला होता. मात्र जमिनीवरील वेगाच्या जागतिक विक्रमांच्या यादीत हा आकडा कधीच लागला नाही. यादीने गाळलेली ही गाडी मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर मात्र जाऊन बसली आणि आज साठी ओलांडलेले अनेक हौशी ती पुन्हा नव्याने जोडत आहेत. ती बनवणाऱ्या मिकी थॉम्पसनच्या आयुष्याचा आणि या छोट्या प्रतिकृतींचा हा संबंध काय?

छापखान्यातला कामगार शर्यतीत कसा आला?

मॅरियन ली थॉम्पसन याचा जन्म ७ डिसेंबर १९२८ रोजी कॅलिफोर्नियातील अल्हाम्ब्रा या लॉस एंजेलिसजवळच्या गावात झाला. मिकी हे टोपणनाव आयुष्यभर टिकले. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियात जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात मिळत. त्या सोलायच्या, वजन उतरवायचे, इंजिनात फेरफार करायचे आणि वाळलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रात पळवायच्या, हा तिथल्या तरुणांचा नाद होता. या गाड्यांना हॉट रॉड म्हणत. थॉम्पसन त्याच पिढीचा. पोटासाठी तो ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ या दैनिकाच्या छापखान्यात छपाईयंत्रावर काम करी. उरलेला वेळ गॅरेजमध्ये जाई. पुढे जगातील सर्वांत वेगवान गाड्यांपैकी एक त्याने उभी केली तीही नोकरी सांभाळूनच. तो इंजिनीअर नव्हता. जे काही शिकला ते हाताने आणि बहुतेक वेळा काहीतरी मोडून शिकला.

ड्रॅग रेसिंग म्हणजे नेमके काय?

सरळ रस्ता, दोन गाड्या, स्थिर अवस्थेतून सुटायचे आणि पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर अंतर आधी कापायचे. वळण नाही, फेऱ्या नाहीत. सारा खेळ काही सेकंदांत संपतो. मात्र या सेकंदांत एकच अडचण सर्वांना छळते. इंजिनाची ताकद वाढवत नेली की मागची चाके जागीच गरागरा फिरतात, टायर धूर सोडतात आणि गाडी पुढे सरकत नाही. ताकद रस्त्यावर उतरवायची तर मागच्या टायरांवर जास्तीत जास्त वजन यायला हवे.

१९५४-५५ च्या सुमारास थॉम्पसनने यावर काढलेला तोडगा इतका सरळ होता की तो आधी कुणाला कसा सुचला नाही याचे नवल वाटते. चालकाचे आसन त्याने उचलून मागच्या आसाच्याही मागे, गाडीच्या अगदी शेपटाला नेले. चालकाचे वजन मागे गेले आणि ते टायरांवर पडू लागले. पुढे लांब सडपातळ सांगाडा, मध्ये इंजिन आणि सर्वांत मागे माणूस. बेचकीच्या रबरात ताणून धरलेल्या खड्यासारखा तो दिसे, म्हणून या गाड्यांना स्लिंगशॉट हे नाव पडले. पहिला स्लिंगशॉट ड्रॅगस्टर बनवण्याचे श्रेय सर्वसाधारणपणे थॉम्पसनला दिले जाते. पुढची पंधराएक वर्षे वेगवान ड्रॅगस्टर म्हटले की हीच रचना समोर येई.

या रचनेची किंमतही होती. चालकाचे पाय मागच्या आसाच्या दोन्ही बाजूंनी पुढे येत आणि क्लच, गिअरबॉक्स व तापलेले इंजिन थेट त्याच्या समोर असे. काही फुटले तर ते त्याच्याच अंगावर. ८ मार्च १९७० रोजी डॉन गार्लिट्स या नामांकित चालकाच्या गाडीचा गिअरबॉक्स सुरुवातीच्या रेषेवरच फुटला आणि त्याच्या उजव्या पावलाचा काही भाग तुटला. हा अपघात झाला तो लॉस एंजेलिस बंदराजवळच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर. ही धावपट्टी ऑक्टोबर १९५५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचा पहिला व्यवस्थापक होता मिकी थॉम्पसन. गार्लिट्सने बरे झाल्यावर इंजिन चालकाच्या मागे नेले, १९७१ मध्ये त्या गाडीने शर्यती जिंकून दाखवल्या आणि काही वर्षांतच स्लिंगशॉट इतिहासजमा झाले. जुन्या ड्रॅगस्टरची प्रतिकृती पाहून जाणकार तिचा काळ पटकन सांगतात तो यामुळेच. चालक कुठे बसलाय एवढेच पाहायचे.

लायन्स ड्रॅग स्ट्रिपचा उद्देश रस्त्यांवरच्या बेकायदा शर्यती थांबवण्याचा होता. परिसरातील लायन्स क्लबांनी पुढाकार घेतला म्हणून तिचे हे नाव. आवाजाच्या तक्रारी वाढत गेल्या आणि २ डिसेंबर १९७२ रोजी ती कायमची बंद झाली.

चार इंजिनांची गाडी कशासाठी?

१९४७ मध्ये जॉन कॉब या ब्रिटिश चालकाने युटा राज्यातील बॉनव्हिलच्या मिठाच्या सपाट मैदानावर ताशी ३९४.१९ मैलांचा विक्रम केला होता. त्याच्या गाडीत विमानाची दोन नेपियर लायन इंजिने होती. दहा वर्षे उलटून गेली तरी हा विक्रम तुटला नव्हता. थॉम्पसनने १९५८ मध्ये दोन इंजिनांचा ड्रॅगस्टर बॉनव्हिलला नेला आणि सुमारे २९४ मैलांचा वेग काढला. मग त्याने हिशेब मांडला. विमानाची इंजिने आणायला पैसा नाही, सरकारचे पाठबळ नाही. पण साध्या प्रवासी मोटारीची पॉन्टिअॅक इंजिने मिळत होती. एक पुरत नसेल, तर चार लावायची.

‘चॅलेंजर वन’ अशी तयार झाली. दोन इंजिने पुढच्या चाकांना आणि दोन मागच्या चाकांना फिरवत. गिअरबॉक्स घेतले तेही लासाल या जुन्या मोटारींचे. चालकाचे आसन होते अगदी मागे, म्हणजे पुन्हा स्लिंगशॉटचेच तत्त्व. चार इंजिने एकाच वेळी एकाच तालात चालवणे, चार क्लच एकत्र दाबणे आणि चार गिअर एकत्र बदलणे हे काम किती अवघड असेल याची कल्पना करता येते. फ्रिट्झ व्हॉइट हा त्याचा मित्र या साऱ्यात सोबत होता. पॉन्टिअॅक आणि गुडइयर या कंपन्यांनी मदत केली, तरी गाडीचा बाज घरच्या गॅरेजचाच राहिला.

१९५९ च्या ऑक्टोबरमध्ये या गाडीने ३६३.६७ मैलांचा वेग गाठला. अमेरिकी चालकाने गाठलेला तो तोवरचा सर्वाधिक वेग, पण कॉबच्या आकड्यापासून अजून तीस मैल दूर. हिवाळ्यात इंजिनांवर सुपरचार्जर बसवण्यात आले. सुपरचार्जर इंजिनात हवा कोंबतो. हवा जास्त म्हणजे इंधनही जास्त जाळता येते आणि ताकद वाढते.

९ सप्टेंबर १९६० रोजी काय घडले?

त्या वर्षीचा बॉनव्हिलचा उन्हाळा वाईट होता. १ ऑगस्टला अॅथॉल ग्रॅहम हा स्थानिक चालक विक्रमाच्या प्रयत्नात मरण पावला होता. तरीही अनेक पथके मिठावर तळ ठोकून होती.

विक्रमाचा नियम साधा आणि निर्दय आहे. मोजलेल्या मैलावरून गाडी एका दिशेने न्यायची आणि एका तासाच्या आत उलट दिशेने परत आणायची. दोन्ही फेऱ्यांची सरासरी तो विक्रम. वाऱ्याचा किंवा उताराचा फायदा एका बाजूने मिळू नये, हा त्यामागचा हेतू आणि तो रास्तही आहे.

पहिल्या फेरीत थॉम्पसनने ताशी ४०६.६० मैल काढले. एक मैल नऊ सेकंदांहून कमी वेळात. चारशेचा टप्पा ओलांडणारा तो पहिला अमेरिकी ठरला. कॉबचा आकडा मागे पडला होता आणि हाती फक्त परतीची फेरी उरली होती. ती पूर्ण झाली नाही. इंजिनांची ताकद चाकांपर्यंत नेणारा शाफ्ट तुटला आणि गाडी थांबली. त्या तासाभरात तो दुरुस्त होण्यासारखा नव्हता.

वर्तमानपत्रांत त्याचे नाव झळकले, तो देशभर प्रसिद्ध झाला. पण यादीत कॉबच राहिला. पुढचा क्रम पाहिला की ही हुकलेली फेरी किती मोठी होती ते कळते. १९६३ मध्ये क्रेग ब्रीडलव्हने जेट इंजिनाच्या गाडीतून ४०७.४५ मैल काढले, पण जेटमध्ये इंजिन चाके फिरवत नाही, त्यामुळे तो वेगळाच प्रकार. चाकांतून ताकद देणाऱ्या गाड्यांत डोनाल्ड कॅम्पबेलने १७ जुलै १९६४ रोजी ऑस्ट्रेलियात कॉबला मागे टाकले. त्याचा आकडा ४०३.१० मैल. म्हणजे ब्रिटिश उद्योगांचे मोठे पाठबळ आणि टर्बाइन इंजिन असलेली कॅम्पबेलची गाडी चार वर्षांनी जो विक्रम करती झाली, तो थॉम्पसनच्या एका फेरीपेक्षा कमीच होता. त्यानंतर वर्षभराने, १२ नोव्हेंबर १९६५ रोजी, कॅलिफोर्नियातील समर्स बंधूंच्या ‘गोल्डनरॉड’ने ४०९.२७७ मैलांचा अधिकृत विक्रम केला. त्या गाडीतही मोटारीची चार इंजिने होती. थॉम्पसनचा हिशेब बरोबर होता, हे दुसऱ्यांनी सिद्ध केले.

या गाडीचे किट बनवताना अडचण कुठे येते?

प्लॅस्टिकच्या किटला दुसऱ्या फेरीशी देणेघेणे नव्हते. १९५८ पासून एएमटी आणि त्यानंतर इतर कंपन्यांनी १:२५ या प्रमाणातील मोटारींची किट बाजारात आणली होती. मुलांना गाडी साधी, सजवलेली किंवा ड्रॅग शर्यतीची अशी हवी तशी जोडता येई. रेव्हेलने ‘चॅलेंजर वन’ घेतली ती या लाटेत. पुढे तिचे साचे पुन्हा बाहेर काढून हे किट अनेकदा विकले गेले आहे.

वरवर पाहता काम सोपे वाटते. भाग कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे. दहा वर्षांचा मुलगा ते एका रविवारी करी आणि चिकटवायच्या द्रवाचे बोटांचे ठसे काचेवर उमटवून ठेवी. पण तोच मुलगा साठाव्या वर्षी तेच खोके उघडतो तेव्हा त्याला दिवस नाही, महिने लागतात. कारण आता त्याला खेळणे नको असते, ९ सप्टेंबर १९६० ची गाडी हवी असते.

पहिला प्रश्नच तारखेचा. १९५९ ची गाडी करायची तर सुपरचार्जर चालत नाहीत, १९६० ची करायची तर ते हवेतच आणि त्यामुळे वरच्या कवचाचा आकारही बदलतो. टायर, पाट्या, प्रायोजकांची नावे मोसमागणिक वेगळी. म्हणून चांगला प्रतिकृतीकार आधी कात्री नाही, जुनी छायाचित्रे हातात घेतो.

मग जाडीचा प्रश्न. मूळ गाडीचे कवच पातळ पत्र्याचे. किटमधले प्लॅस्टिक एक मिलिमीटर जाड असले, तरी पंचवीस पटीने ते अडीच सेंटिमीटर होते. इतका जाड पत्रा कुठल्याच गाडीला नसतो. त्यामुळे जिथे कडा दिसते तिथे ती आतून तासून पातळ करावी लागते. किटमधला चकचकीत क्रोमही खोटा दिसतो, कारण खऱ्या शर्यतीच्या गाडीत बहुतेक भाग ओतीव अॅल्युमिनियमचे, मळकट असतात. मग तो क्रोम घरगुती ब्लीचच्या पाण्यात बुडवून उतरवायचा आणि वेगवेगळ्या धातूंच्या छटांनी भाग रंगवायचे. जिथे खरोखर चकाकी हवी तिथे कागदाहून पातळ चिकट धातूपत्रा लावून काडीने घासून बसवायचा.

सर्वांत वेळ जातो तो तारांत. आठ सिलिंडरच्या एका इंजिनाला स्पार्क प्लगच्या आठ तारा, चार इंजिनांना बत्तीस. खरी तार सुमारे सात मिलिमीटर जाड असते. पंचविसाव्या हिश्शात ती पाव मिलिमीटरच्या आसपास येते. अशी बत्तीस टोके, प्रत्येकासाठी सुईसारख्या ड्रिलने हाताने पाडलेले भोक आणि ती तार बरोबर त्याच सिलिंडरकडे जायला हवी. कवच बसले की यातले फार थोडे दिसते. तरी लोक ते करतात. यात शहाणपणा किती हा प्रश्न घरच्यांनी विचारावा असाच आहे, पण आत काय आहे ते आपल्याला माहीत असणे एवढेच समाधान अनेकांना पुरते.

शेवटी मीठ. बॉनव्हिलवरून आलेल्या गाडीच्या चाकांच्या कमानीत आणि पोटाखाली पांढरी पूड बसलेली असते. खडूची भुकटी कुंचल्याने झटकून ती दाखवली जाते. इथेही प्रमाण पाळावे लागते. मिठाचा एक खराखुरा दाणा पंचवीस पटीने दगड होतो.

ड्रॅग रेसिंगच्या प्रतिकृतींत एक गंमत आणखी आहे. पाव मैलाची धावपट्टी याच प्रमाणात मांडायची ठरवली तर ती सुमारे सोळा मीटर होते. चाळीतला गच्चीचा किंवा सोसायटीतला लांब पॅसेज जेमतेम पुरावा एवढी.

किट कंपन्या आणि शर्यतींचा पैसा

हा व्यवहार एका बाजूचा नव्हता. आधी गाडी प्रसिद्ध व्हायची, मग तिचे किट निघायचे, असा क्रम सुरुवातीला होता. १९७० च्या सुमारास तो उलटू लागला. मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीने हॉट व्हील्सच्या नावाने डॉन प्रुधोम आणि टॉम मॅकइवेन या दोन ड्रॅग चालकांना पाठबळ दिले. रेव्हेलनेही खऱ्या गाड्यांवर आपले नाव रंगवायला सुरुवात केली. थॉम्पसनची पॉन्टिअॅक ग्रँड अॅम गाडी ‘रेव्हेलीडर’ या नावाने धावली ती याच काळात. ती फनी कार या प्रकारातली. म्हणजे खालचा सांगाडा पूर्ण शर्यतीचा आणि वरून दुकानात मिळणाऱ्या मोटारीसारखे दिसणारे फायबरग्लासचे एकसंध कवच, जे पेटीच्या झाकणासारखे उचलता येते. चालक आत शिरतो तोही ते कवच उचलूनच. प्रतिकृतींसाठी हा प्रकार जणू मुद्दाम घडवलेला. झाकण उघडायचे आणि आतले सारे दाखवायचे. थॉम्पसनच्या मस्टँग फनी कारने डॅनी ऑन्गाइसच्या हाती १९६९ ची इंडियानापोलिसची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती. मुलांनी किटवर खर्च केलेले पैसे अशा रीतीने फिरून धावपट्टीवर जळणाऱ्या इंधनात येत होते.

यशाच्या बाजूला काय होते?

थॉम्पसनचे आयुष्य खोक्यावरच्या चित्रासारखे चकचकीत नव्हते. १९६२ मध्ये त्याने इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध ५०० मैलांच्या शर्यतीत मागे इंजिन असलेली हलकी गाडी आणली. तिथे तेव्हा पुढे इंजिन असलेल्या जड गाड्यांचेच राज्य होते. जॉन क्रॉस्थवेटने आरेखित केलेली आणि डॅन गर्नीने चालवलेली ही गाडी काळाच्या पुढे होती. पुढच्या वर्षी त्याने चाके आणखी लहान आणि टायर आणखी रुंद केले. बघ्यांना ती रोलर स्केटसारखी वाटली. रुंद टायरची कल्पना पुढे सर्वांनी उचलली आणि १९६३ मध्ये थॉम्पसनने सुरू केलेली टायर कंपनी आजही त्याच्या नावाने चालते.

पण १९६४ मध्ये नियम बदलले, मोठी चाके सक्तीची झाली आणि गाडीची घडी बिघडली. सरावातच ती हाताळायला अवघड असल्याच्या तक्रारी होत्या. ३० मे १९६४ रोजी दुसऱ्याच फेरीत डेव्ह मॅकडोनाल्ड या सत्तावीस वर्षांच्या चालकाचा तिच्यावरचा ताबा सुटला. गाडी आतल्या भिंतीवर आदळून पेटली आणि घसरत पुन्हा ट्रॅकवर आली. मागून येणारा एडी सॅक्स तिच्यावर आदळला. दोघेही मरण पावले. शर्यत थांबवावी लागली. पुढच्या वर्षापासून नियम असे बदलले की पेट्रोल जवळपास हद्दपार झाले आणि मेथेनॉल आले.

या अपघाताची चर्चा आजही संपलेली नाही. दोष रचनेचा, नियमबदलाचा, की घाईचा, यावर मतभेद आहेत. एवढे मात्र खरे की गॅरेजमध्ये करून पाहायचे, मोडले तर दुरुस्त करायचे ही थॉम्पसनची पद्धत मिठाच्या मोकळ्या मैदानावर त्याच्या एकट्याच्या जिवावर होती. इंडियानापोलिसला गाडीत दुसरा माणूस बसला होता आणि आजूबाजूला तीस गाड्या होत्या.

हत्या कशी झाली?

पुढच्या काळात थॉम्पसन चालकाचा आयोजक झाला. १९७३ मध्ये वाळवंटी शर्यतींसाठी त्याने स्कोर ही संस्था स्थापन केली. नंतर त्याच शर्यती त्याने मातीचे ढिगारे रचून मोठ्या स्टेडियममध्ये आणल्या, म्हणजे प्रेक्षकांना वाळवंटात जावे लागू नये. धंदा चालला. १९८० च्या दशकात मायकेल गुडविन या मोटोक्रॉस आयोजकाशी त्याने भागीदारी केली. ती लवकरच फिसकटली, प्रकरण न्यायालयात गेले आणि गुडविनने थॉम्पसनला पाच लाख डॉलरहून अधिक रक्कम द्यावी असा निकाल लागला.

१६ मार्च १९८८ च्या सकाळी लॉस एंजेलिसजवळच्या ब्रॅडबरी येथे मिकी आणि त्याची पत्नी ट्रूडी कामावर जाण्यासाठी घराबाहेर पडले असताना दोन बंदूकधाऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. मारेकरी सायकलींवरून पळून गेले. वेगासाठी आयुष्य घालवलेल्या माणसाच्या हत्येत पळून जायला सायकली वापरल्या गेल्या, हा तपशील वाचणाऱ्याच्या मनातून जात नाही.

तेरा वर्षे कुणावरही आरोप ठेवला गेला नाही. थॉम्पसनची बहीण कोलीन कॅम्पबेल हिने पाठपुरावा सोडला नाही. तिचा स्वतःचा मुलगाही १९८२ मध्ये खुनाला बळी पडला होता. अखेर २००१ मध्ये गुडविनवर आरोप ठेवण्यात आले आणि ४ जानेवारी २००७ रोजी ज्युरीने त्याला दोन्ही हत्या घडवून आणल्याबद्दल दोषी ठरवले. पॅरोलविना जन्मठेपेची शिक्षा झाली. गोळ्या झाडणारे दोघे आजवर सापडलेले नाहीत.

‘चॅलेंजर टू’चे काय झाले?

थॉम्पसनने १९६८ मध्ये दोन फोर्ड इंजिनांची ‘चॅलेंजर टू’ बांधली होती. बॉनव्हिलला पाऊस झाला, मिठाचे मैदान पाण्याखाली गेले आणि पाठोपाठ फोर्डने शर्यतींतून हात काढून घेतला. गाडी झाकून ठेवली गेली. १९८८ च्या सुरुवातीला बापलेकांत ती पुन्हा बाहेर काढण्याची बोलणी झाली होती. या वेळी मुलगा डॅनी चालवणार होता. त्यानंतर काही आठवड्यांत हत्या झाली आणि गाडी आणखी दोन दशके पडून राहिली.

डॅनी थॉम्पसनने ती नंतर बाहेर काढली. वडिलांनी केलेला सांगाडा आणि कवच त्याने शक्य तितके राखले, फोर्डच्या इंजिनांच्या जागी नायट्रोमिथेनवर चालणारी दोन आधुनिक इंजिने बसवली आणि वर्षानुवर्षे पैसा, पाऊस व खराब मीठ यांच्याशी झगडत राहिला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, तो बॉनव्हिलला गाडीत बसला. तिथल्या स्थानिक संघटनेच्या नियमानुसार पहिली फेरी एका दिवशी आणि दुसरी दुसऱ्या सकाळी करायची असते. पहिल्या फेरीत ताशी ४४६.६०५ मैल आले. रात्रभर गाडी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली होती. १२ ऑगस्टच्या सकाळी ती पुन्हा सुटली आणि या वेळी काहीही तुटले नाही. दुसऱ्या फेरीचा वेग ४५०.९०९ मैल. सरासरी ४४८.७५७ आणि आपल्या गटातील पिस्टन इंजिनाच्या गाडीचा विक्रम म्हणून तो आकडा नोंदवला गेला.